स्वयंपाकघरात लाइन नव्हती

भाड्याचं घर पाहायला गेलं की आमचे हे आधी मीटर पाहतात आणि मी आधी स्वयंपाकघर. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतलं ते दुमजली घर पाहायला गेलो तेव्हाही तसंच झालं. हे जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत डोकं घालून उभे राहिले आणि मी सरळ मागच्या खोलीत गेले. खोली चांगली ऐसपैस होती. अंगणात उघडणारी खिडकी, खांद्याइतक्या उंचीपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट, वर पांढराशुभ्र चुना. सवयीनं माझा हात दाराजवळच्या भिंतीवर गेला, तर बटण नाही. वर पाहिलं, तर बल्बही नाही.

"काकू, इथं लाइन नाही?" मी घरमालकिणीला विचारलं. ती, तिचा नवरा आणि मुलगा वरच्या मजल्यावर राहत. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं.

"स्वयंपाकघराले लाइन कायले पायजे बाई? खिडकी हाय ना एवढी मोठी. उजेड हाय तोवर रांधाचं अन् मोकळं व्हाचं."

बैठकीत ट्यूबलाइट, झोपायच्या खोलीत पंखा, अगदी न्हाणीतसुद्धा बल्ब. आणि जिथं विळी चालते, आग पेटते, तिथं मात्र काळोख! माझं डोकं मुळातच गरम. तिथंच दोन शब्द सुनावणार होते, पण ह्यांनी डोळ्यांनी दाबलं. ह्यांची नोकरी सेवाग्रामच्या दवाखान्यात, भांडारातली कारकुनी. हिंगणघाटहून रोजची ये-जा करून माणूस पार वाळून गेला होता. भाडं झेपणारं होतं. घर घेतलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट आहे. तेव्हा नवं घर लावणं म्हणजे काय सोपं काम होतं? विहिरीवरच्या मोटरची वेळ वरच्यांच्या हातात, आमचं सबमीटर त्यांच्या जिन्याखाली, आणि गॅस तर विचारूच नका. हिंगणघाटला सिलिंडर जमा करा, तिथून कागद आणा, वर्ध्यात नाव नोंदवा आणि मग "येईल, येईल" ऐकत बसा. आमचा स्टोव्ह मी मोठ्या दिलदारपणे नणंदेला देऊन आले होते. पहिल्याच दिवशी चहाची पंचाईत झाली. तेवढ्यात घरमालकीण हातात एक पितळी स्टोव्ह घेऊन जिना उतरून आली.

"हा घ्या. माळ्यावर पडून होता. तुमचा गॅस येईपर्यंत वापरा."

पंपाचा, भारीपैकी, पण काजळीनं काळाठिक्कर झालेला. मी म्हटलं, "जुना दिसतो. फुटबिट तर नाही ना जायचा?"

"नाई वो बाई! एकदम मजबूत हाय. कदी काई झालं नाई त्याले."

किती बरी बाई, असं मला वाटलं. मी मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, भरलं, काकडा लावला, पंप मारला. स्टोव्ह फर्रकन पेटला आणि त्याचा तो एकसुरी आवाज घरभर घुमायला लागला. त्या वेळी वर कोणीतरी चालत होतं, पावलं स्पष्ट ऐकू येत होती. ती थांबली. चहा होईपर्यंत वर एकदम चिडीचूप. स्टोव्ह विझवला आणि पावलं पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. मग रोजच तसं व्हायला लागलं. मी स्टोव्ह पेटवला की वरचं घर श्वास रोखून धरायचं. माझ्या पाठीवर काटा यायचा आणि त्याचा मला रागही यायचा, कारण भिण्यासारखं तिथं काही दिसत तर नव्हतं.

लाइनचा माझा हेका सुटला नव्हता. हे म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, का म्हणून? स्वतःच्या खर्चानं बल्ब लावते, त्यांचं काय जातं? ओळखीतला एक वायरमन बोलावला. घरमालकीण दुकानात जेवणाचा डबा द्यायला गेली होती, ती वेळ मी बरोबर साधली. वायरमन शिडीवर चढला. छताच्या मधोमध चुन्याचा एक फुगवटा होता, तिथं त्यानं स्क्रूड्रायव्हर घातला तर चुन्याचा थरच्या थर खाली पडला. पांढऱ्याच्या आत काळं. पुसलं तर हाताला लागणारं काळं नव्हे, भाजलेलं काळं. त्या काळ्यातून त्यानं जुन्या वायरचा तुकडा ओढून काढला. वरचं प्लास्टिक वितळून, ओघळून, पुन्हा घट्ट झालं होतं. त्यानं एकदा वायरकडे पाहिलं, एकदा खाली माझ्या ओट्यावरच्या स्टोव्हकडे पाहिलं. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा खिडकीतून थुंकला आणि म्हणाला, "वहिनी, मी उद्या येतो." तो परत आलाच नाही.

घरमालकीण आल्यावर मी छत दाखवलं. ती वर पाहायलाच तयार नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "शॉटसर्किट झालतं मागं. मनून तं लाइन काढून टाकली. तुमाले सांगतलं होतं ना, सैपाकघराले लाइन नाई पायजे मनून?"

शॉर्टसर्किट असेल, असं मीही मनाला समजावलं. पण त्यानंतर त्या खोलीत पाठ दाराकडे करून बसणं मला जमेना. दाराला बाहेरून एक नवीकोरी कडी होती. आतून काहीच नव्हतं. स्वयंपाकघराला बाहेरून कडी कशाला लागते, मांजरासाठी? असेल. तरी मी काम करताना दाराला पाटा टेकवून ठेवायला लागले.

मग एका रविवारी मी तो स्टोव्ह घासायला काढला. परक्याची वस्तू परत करायची तर लख्ख करून द्यावी, ही माझ्या आईची शिस्त. चिंच आणि राख घेऊन अंगणात बसले. काजळी काही केल्या निघेना. बऱ्याच वेळानं टाकीच्या एका बाजूला पितळ चमकायला लागलं आणि बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. आंदणाच्या भांड्यांवर भांडेवाला टिंबाटिंबांनी नाव कोरून देतो, तसं नाव होतं. एका मुलीचं नाव, त्याच्या आधी सौ. आणि नंतर घरमालकांचं आडनाव. नाव गोड होतं. ते मी इथं लिहिणार नाही.

घरमालकिणीचं हे नाव नव्हतं. तिला मुलगी नव्हती. मुलगा तर बिनलग्नाचा आहे, असं आम्हाला सांगितलं होतं.

समोरच्या घरातल्या वहिनी कुंपणापाशी तुळशीला पाणी घालत होत्या. मी स्टोव्ह तसाच हातात घेऊन गेले आणि नाव वाचून दाखवलं. त्यांच्या हातातला तांब्या वाकडा झाला, पाणी पायावर सांडलं.

"अवं माय! हा कोठून आला तुमच्यापाशी?"

"काकूंनीच दिला. कोण होती ही?"

"त्याईची सून. लग्नाले दोन वर्सं नाई झाली होती. तवा हे लोक खालीच राहत. त्याच सैपाकघरात स्टो फुटला अन् जळून मेली बिचारी." त्या इकडेतिकडे पाहत आवाज खाली आणून म्हणाल्या, "स्टो फुटला मने. आमी काई पाह्यलं नाई बाई. दार उघडाले लय येळ लागला, एवढंच आयकलं."

मी हातातल्या स्टोव्हकडे पाहिलं. टाकी गोल, अखंड. कुठं चीर नाही, डाग दिलेला नाही, पोचासुद्धा नाही. सकाळीच त्यावर मी वरण शिजवलं होतं. 

आता काही जण म्हणतील, इतका मूर्खपणा कोण करतं? असा स्टोव्ह कोणी भाडेकरणीच्या हातात देईल का? तर त्या बाईला मी पुढे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. फाटकं पोतंसुद्धा ती फेकत नसे. चांगलं पितळ टाकून देणं तिच्या हातून शक्यच नव्हतं, आणि मोडीत घालायचं तर भांडेवाल्यानं नाव वाचलं असतं. माळ्यावर ठेवला, वर्षं गेली, काजळीखाली नाव दिसेनासं झालं. वस्तू पडून राहण्यापेक्षा कोणाच्या कामी आली तर भाडेकरू खूश, एवढाच तिचा हिशेब असणार.

त्या दिवसापासून गॅस येईपर्यंत मी व्हरांड्यात सिगडीवर स्वयंपाक केला. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आपण भाडेकरू. आपल्याले काय कराचं हाय? क्वार्टरसाठी अर्ज टाकतो, मिळालं की निघू." मला पटलं. त्या घरात एक दिवसही जास्त राहायची माझी इच्छा नव्हती. तिचं भूतबीत मला दिसलं नाही. पण विळीवर बसले की वाटायचं, ती इथंच उभी होती, याच फरशीवर, आणि हाका मारत होती. कोणाला मारल्या असतील? सासूला? नवऱ्याला? आईला? मी तिचं नाव मनात घेऊन तिच्याशी बोलायला लागले. बाई गं, जरा सरक, मला भाकरी टाकू दे. हसू नका. तसं बोललं की भाकरी नीट थापता यायची.

गॅस आला त्या दिवशी घरमालकीण स्टोव्ह परत न्यायला खाली आली. फळीवर तो लखलखत होता, नाव बाहेरच्या बाजूला. ती दारातच थिजली.

"घासला काऊन?" ती म्हणाली. "कोनं सांगतलं होतं घासाले?"

मी नुसती तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मी काही कोर्ट नाही, तिथं खरंच काय झालं ते मला आजही माहीत नाही. पण एक हात छातीवर ठेवून ती बाई जशी मागे सरकत गेली, ते मी पाहिलं आहे. स्टोव्ह तिनं नेला नाही. पुन्हा कधी मागितलाही नाही.

काही महिन्यांनी घराला बाहेरून रंग लागला. मुलासाठी स्थळ पाहणं चालू होतं. देवळीकडची कास्तकार माणसं घर पाहायला येणार म्हणून घरमालकीण मला पोहे-चहा करायला सांगून गेली. माझा गॅस होता ना! मी केले. मुलीची आई हातपाय धुवायला अंगणात उतरली, तेव्हा मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि स्टोव्हसमोर उभं केलं.

"मावशी, हा पाहा. यांची पहिली सून या खोलीत जळून मेली. स्टोव्ह फुटला म्हणतात. हाच तो. कुठं फुटलाय ते तुम्हीच दाखवा मला."

त्या बाईनं ते नाव बोटानं वाचलं. मग म्हणाली, "आमच्या कानावर आलं हाय, बाई."

"आलंय? आणि तरी पोरगी देता?"

"पोरीले बाप नाई. पाठच्या दोघी बाकी हायत. हे लोक काईच मागून नाई राह्यले."

"अहो मावशी, पोरगी जिवंत राहिली पाहिजे की नाही!"

तिनं मग माझे दोन्ही हात धरले. तिचे हात कापूस वेचून भेगाळलेले होते. "तुमी इथीसाच राहता ना? मंग एक करा. हे घर सोडू नोका. खाली कोनी असलं, का मानूस वर हात उचलाले भेते."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ती वर गेली, पोहे खाल्ले, सुपारी फोडून निघून गेली. मला तिचा इतका संताप आला की मी पातेली आदळली. स्वतःची लेक माझ्या पदरात टाकून मोकळी झाली! मी कोण लागत होते त्यांची?

लग्न झालं. मुलगी आली. काटकुळी, हसरी, मला "ताई, ताई" करत अंगणात पाणी भरायची. आणि नेमकं तेव्हाच ह्यांना सेवाग्रामला क्वार्टर मिळालं. घरात नळ, प्रत्येक खोलीत बटणं, ऑफिस दोन पावलांवर. हे आनंदानं घरी आले आणि मी म्हटलं, मला जायचं नाही.

"तुह्या डोक्यात काय भरलं हाय?" हे इतके कधीच चिडले नव्हते. "त्या घराले तू शिव्या देत होती ना?"

"देते. अजून देते. पण ती पोरगी वर आहे."

दोन दिवस आमचा अबोला. क्वार्टर दुसऱ्या कोणाला मिळालं. पुढे कितीतरी वर्षं हे पावसात भिजत सायकलवर सेवाग्रामला गेले आणि मी त्या काळ्या छताखाली, खिडकीच्या उजेडात, वरची पावलं ऐकत स्वयंपाक करत राहिले. कोणती तिची, कोणती सासूची, हे मला चांगलं कळायला लागलं. तिची पावलं बराच वेळ ऐकू आली नाहीत की मी मीठ मागायला वर जायची. साखर मागायला जायची. शेजारीपाजारी मला मागतकरी म्हणत असतील.

एका दुपारी वर मोठ्यानं भांडण झालं. पंख्यावरून, की मोटरच्या बिलावरून, काही कळलं नाही. मग सगळं एकदम शांत झालं, आणि खिडकीतून मातीच्या तेलाचा वास आला. मी फळीवरचा स्टोव्ह उचलला. का उचलला ते सांगता येणार नाही, हातच गेला. जिना चढले आणि दार बडवलं. दार उघडायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी त्या पहिल्या मुलीचं नाव घेऊन ओरडत होते, हिचं नाही, तिचं. समोरच्या वहिनींनी नंतर सांगितलं म्हणून कळलं.

दार उघडलं. डबा आडवा पडला होता, फरशीभर तेल. मुलगी कोपऱ्यात, तिचा पदर ओला. घरमालकीण म्हणाली, "सांडलं. हातातून सुटला डबा."

मी तो स्टोव्ह त्या तेलाच्या मधोमध ठेवला. "काकू, हा कधी फुटला नव्हता. तुम्हीच सांगितलं होतं मला. उद्या हिचा फुटला, तर मी हा घेऊन ठाण्यात जाऊन बसेन. समोरच्या वहिनींना घेऊन, गल्ली गोळा करून."

"तुमाले घर खाली कराचं हाय का?"

"नाही. मी कुठंही जात नाही. तुम्ही खाली पाहाल तेव्हा मी असेन."

मुलीला मी माझ्याकडे आणलं, न्हाऊ घातलं. माहेरी पोचवते म्हटलं तर ती मान हलवत राहिली. आई परत पाठवील, म्हणाली. संध्याकाळी नवरा येऊन तिला वर घेऊन गेला, आणि मी जाऊ दिलं, कारण अडवायला माझ्या हातात काय होतं? स्टोव्ह मात्र पुसून पुन्हा फळीवर ठेवला. त्यानंतर लवकरच वर गॅस आला. घरमालकीण खाली उतरेनाशी झाली. जिन्यावरून जाताना माझ्या खिडकीकडे पाहायची नाही. तिला माझी भीती वाटायची, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं.

दोन हजार साल उलटून गेलं. त्या मुलीला दोन लेकरं झाली. घरमालक वारले, घरमालकिणीला लकवा झाला, किल्ल्या सुनेच्या कमरेला आल्या. मग आम्ही सावंगीच्या बाजूला प्लॉट घेऊन लहानसं घर बांधलं. निघताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. आता भ्यायचं कारण उरलं नाही, असं मीच तिला सांगितलं.

नव्या घरी फोन लागला आणि थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. लेकरांचं, दुकानाचं बोलणं झाल्यावर मी सहज विचारलं, "खाली भाडेकरू कोण ठेवले?"

"कोनीच नाई, ताई. खाली तुमीच राहता."

"म्हणजे?"

"सासूबाई पलंगावरून रोज इचारते, खालची हाय का, मनून. तोंड वाकडं झालं तरी तेवढं बरोबर बोलते. मी म्हणते, हाय ना, कोठी जाते ती? मंग दुपारी खाली जाते, तुमच्या सैपाकघरात दोन-चार भांडी आपटते अन् वर येते. ते आयकलं का चूप पडून राहते."

मी म्हटलं, "अगं, पण ती तर आता हातसुद्धा उचलू शकत नाही. तुला अजून भीती वाटते का तिची?"

"मले नाई वाटत, ताई," ती शांतपणे म्हणाली. "तिले वाटते. वाटू द्या."